ज्युदोत पाय धरायचा नसतो

अकरावीत असताना मी जिल्ह्याच्या ज्युदो स्पर्धेला नाव दिलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आप्पांना झाला. आप्पा म्हणजे माझे वडील. गडमुडशिंगीत आमचा थोडा ऊस आणि म्हशी. पण लग्नाआधी ते कोल्हापुरात तालमीत राहून कुस्त्या करायचे. मी कुस्तीकडं वळले नाही याची त्यांना हळहळ होती. "ज्युदो म्हंजे कुस्तीच की, नुसता कोट घालून," अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

संध्याकाळी धारा काढून झाल्या की गोठ्यासमोर पोती अंथरून ते मला पट काढायला शिकवायचे. खाली वाकून समोरच्याच्या मांड्यांना मिठी मारायची आणि पाय ओढून त्याला पाडायचं.

"आप्पा, आमचं सर म्हणत्यात, ज्युदोत पाय धरायचा न्हाई."

"पाय न धरता माणूस पडतोय व्हय?" ते हसायचे.

पहिल्याच लढतीत समोरच्या मुलीनं कॉलर पकडून मला मागं रेटलं आणि माझा हात आपोआप तिच्या मांडीकडं गेला. पंचांनी लढत थांबवून मला शिक्षा दिली. अशा तीन झाल्या की बाद. वरून गॅलरीतून आप्पांचा आवाज हॉलभर घुमला, "ओ पंच! काय चुकलं पोरीचं?" सगळे हसले. मला मॅटमध्ये तोंड खुपसावंसं वाटलं. पण त्या रागातच मी पुढं घुसले, तिचा तोल गेला, आणि ती धाडकन पाठीवर आली. पाठ जोरात, पुरती टेकली की पूर्ण गुण, लढत तिथंच संपते. कुस्तीतही पाठ टेकली की हार, त्यामुळं हा नियम आप्पांना समजावून सांगावा लागला नाही. ते उभं राहून टाळ्या वाजवत होते.

दुसरी मुलगी शाहूवाडीकडची होती, काटक आणि उंच. तिनं मला कुशीवर पाडून अर्धा गुण घेतला आणि सावरायच्या आत माझा हात आपल्या दोन पायांत धरून कोपरातून ताणला. कळ थेट खांद्यापर्यंत गेली. सरांनी बजावून ठेवलं होतं, हात अडकला तर मॅटवर थापटायचं, म्हणजे हार मानली. पण वर आप्पा बसले होते. हार मानायची असते, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मी दात आवळले. कळ वाढली. शेवटी थापटलं.

तिनं त्याच क्षणी हात सोडला, मला उठवलं. "लागलं न्हाई न्हवं?" तिनं विचारलं. मी मान हलवली, पण वर बघायचं धाडस झालं नाही.

आप्पा खाली आले. माझं कोपर हातात घेऊन हळूच वाकवून पाहिलं. मग शर्टाची बाही सारून त्यांनी स्वतःचा डावा हात पुढं केला. तो पूर्ण सरळ होत नाही हे मला माहीत होतं. जन्मापासूनच तसा असेल, असं मी धरून चालले होते.

"असाच अडकला हुता," ते म्हणाले. "पाठ टेकली असती तर सुटला असता. न्हाई टेकली. कुस्ती बरोबरीत सुटली, लोकांनी फेटा बांधला, आन् हात असा ऱ्हायला. तू थापटलंस, लय बरं केलंस."

मला रडू आलं. हरल्याचं नव्हतं ते. आप्पा शर्टाच्या टोकानं माझे डोळे पुसत राहिले, आणि मग जरा ओशाळून म्हणाले, "पाय धरायचं तेवढं इसर."

घरी जाताना गाडीवर त्यांनी एकेक नियम विचारून घेतला. संध्याकाळी दूध घालायला गेलो, तर डेअरीत माणसं गोळा करून ते सांगत होते, "कुशीवर पडलं तर अर्धं. पाठीवर पडलं तर खल्लास."

"पोरगी जिंकली का पण?" कुणीतरी विचारलं.

"एक जिंकली," आप्पा म्हणाले. "दुसरीत हात शाबूत घिऊन आली."