ताबा किती, शून्य ते दहा

धुळ्याच्या डॉक्टर मॅडमनी कागदावर लिहिलं, ‘इंटरमिटंट एक्सप्लोझिव्ह डिसऑर्डर’. म्हणजे अधूनमधून राग असा भडकतो की माणूस स्वतःच्या ताब्यात राहत नाही. मी मनात म्हटलं, रागाचा कसला आलाय आजार? आमचे वडीलही असेच होते. मग शेजारी बसलेल्या माझ्या सहा वर्षांच्या गौरीच्या प्लास्टरकडे लक्ष गेलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

मी दार आपटलं तेव्हा तिचा हात चौकटीत होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो, शेजाऱ्यांचं दार लागलं तरी. हाडाच्या दवाखान्यात माझी बायको सुनीता ‘पडली’ एवढंच म्हणाली. बाहेर आल्यावर तिने सांगितलं, इलाज करा, नाहीतर मी पोरीला घेऊन भडगावला माहेरी राहीन.

मॅडमनी गोळ्या दिल्या आणि एक वही. दिवसातून पाच वेळा मोबाइलचा गजर वाजणार, त्या क्षणी स्वतःवर ताबा किती ते शून्य ते दहामध्ये लिहायचं. याला सेल्फ-मॉनिटरिंग म्हणतात, आपणच आपल्यावर नजर ठेवायची.

मी सावद्याला केळी पिकवायच्या चेंबरमध्ये कामाला आहे. तिथे दर दोन तासांनी तापमान लिहायचं असतं. आम्ही पाळी संपताना अख्खा तक्ता एकदमच भरतो. वहीचंही मी तेच केलं. संध्याकाळी बसायचं आणि पाचही ठिकाणी आठ.

पंधरा दिवसांनी मॅडमनी वही चाळली. सोमवारी दुपारीसुद्धा आठ? सुनीता खाली मान घालून म्हणाली, त्या दुपारी ह्यांनी ताट भिंतीवर फेकलं. मला मात्र खरोखर आठच आठवत होते.

“राग उतरल्यावर लिहिलेला आकडा शांत माणसाचा असतो,” मॅडम म्हणाल्या. “मला त्या मिनिटाचा माणूस हवाय.”

तो माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. घरातल्या दोघींनी पाहिला होता. त्या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

तेव्हापासून गजर वाजला की तिथल्या तिथे लिहितो. सहा. तीन. एकदा दोन आले, तेव्हा चप्पलही न घालता घराबाहेर पडलो. सुनीता इथेच आहे, पण तिची बॅग भरलेली आहे. तुमच्या हाती अशी वही आली, तर कामावरच्या तक्त्यासारखी भरू नका.

परवा दुपारी जेवताना गजर वाजला. आता आकडा किती आहे, हे गौरीने आईच्या भडगावच्या अहिराणी बोलीत विचारलं, “पप्पा, आते किती शे?”

आठ म्हणावंसं फार वाटलं.

“चार,” मी म्हणालो.

तिने ताट उचललं, आईच्या पलीकडे जाऊन बसली आणि निवांत वरणभात खाऊ लागली. मला रडू आलं. पोरीने पहिल्यांदाच माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता.