मूठकाकूचं मागणं

मूठकाकू शेतात शिरताना बांधावर चपला काढायची. काट्याकुट्याचं रान असो की तापलेली माती, तिचा नेम चुकला नाही. "आपण पाव्हणे हाओत इथं. पाव्हण्यानं इचारून आत जावं," म्हणायची. ती माझी सख्खी चुलती. मंठ्याजवळच्या आमच्या गावात पेरणीची पहिली मूठ तिफणीच्या चाड्यात सोडायला तिलाच बोलवायचे, म्हणून ती सगळ्या गावाची मूठकाकू.

बियाण्याची मूठ कपाळाला लावून ती जमिनीकडे मागणं मागायची. पाच-सहा ओळींचं, पुटपुटल्यासारखं, तिच्या सासूनं तिला दिलेलं. मागणं संपेस्तोवर बैलसुद्धा हलत नाहीत, असं माझे वडील सांगायचे. मला त्या ओळींपेक्षा नंतरच्या गूळखोबऱ्यात जास्त रस. कान देऊन त्या मी कधी ऐकल्याच नाहीत.

जिभेनं मात्र काकू तिखट. शेतकीची पदवी घेऊन मी जालन्याच्या एका बियाणे कंपनीत लागलो आणि पहिली पिशवी ऐटीत तिला दाखवायला नेली. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली. "फोटो झकास हाय. भाकर बी फोटोतच खायाची का?" घरातले सगळे हसले. मला ते लागलं आणि मी ते मनात ठेवलं, हे आता कबूल करायला हवं.

पुढं आमच्याच गावात कंपनीचा शेतकरी मेळावा भरला. माईक माझ्या हातात, समोर साहेब. मी काकूला स्टेजवर बोलावलं. "काकू, तुझं ते मागणं सांग की सगळ्यांला." तिला वाटलं, पुतण्या मान देतोय. तिनं पायऱ्यांपाशी चपला काढल्या, डोईवरचा पदर सारखा केला, रिकामीच मूठ कपाळाला लावली. "माय धरतरी, तुला इचारायला आले..." एवढ्यात मी माईकमध्ये म्हणालो, "काकू, धरतरीचा मोबाईल नंबर दे, थेट फोनच लावू!" मांडव हसून हसून लोळला. साहेबांनी पाठ थोपटली. काकूची मूठ तशीच कपाळाशी राहिली होती. "बराबर हाय, बाबा," म्हणून ती उतरली आणि चपला हातात घेऊनच घरी गेली.

त्यानंतर तिनं कुणाच्याच शेतात मूठ धरली नाही. कुणी बोलवायला आलं तर गुडघे दुखतात म्हणायची. गुडघ्यांचं कारण खरं धरून मी सुटलो असंच समजत होतो.

दोन वर्षांपूर्वी मक्याच्या वाणांच्या कामासाठी कंपनीनं मला ग्वाटेमालाला पाठवलं. तिथले माया लोक मक्याला देव मानतात. एका शेताच्या कडेला एक म्हातारी मेणबत्त्या लावून, धूप जाळून पेरणीआधी जमिनीची परवानगी मागत होती. दोन तरुण मुली तिच्यामागून एकेक शब्द म्हणत होत्या. दुभाषा म्हणाला, हिची आई हे सगळं लपूनछपून करायची, लोक चेटूक म्हणायचे, हसायचे. आता नाती उघड शिकताहेत. मी बूट काढले, हात जोडले, फोटोही काढले. परमुलखातल्या म्हातारीपुढं मी इतका शहाणा झालो होतो. स्टेजवरची काकू आठवली आणि मला माझीच लाज वाटली.

गावी जाऊन काकूला फोनवर त्या म्हातारीचा फोटो दाखवला, ती काय करतेय ते सांगितलं. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला.

"हिला कुणी हसलं न्हाई का?"

"हसले की. हिच्या आईला तर लई हसले. मंग तिनं दार लावून केलं, पण सोडलं न्हाई."

काकूनं फोन माझ्या हातात परत दिला. "तिला भाईरचे हसले, बाबा. मला घरचंच लेकरू हसलं. मी दार कुणाला लावू?"

माफी माग, असं मन ओरडत होतं. मी म्हणालो काय, तर, "काकू, ते मागणं लिहून घेतो." माझी ही कोडगी घाई तिनं ओळखली असणार. "आता न्हाई आठवत," एवढंच म्हणाली आणि मला चहा टाकायला उठली.

गेल्या फाल्गुनात काकू गेली. माफी राहिली ती राहिलीच.

यंदा पेरणीला मी सुट्टी काढून गेलो. बांधावर बूट काढले, ट्रॅक्टर थांबवला, मूठ कपाळाला लावली. "माय धरतरी, तुला इचारायला आलो..." ट्रॅक्टरवाला वाट पाहत राहिला. मला तेवढीच ओळ येते. पुढची तिच्या ओठांवर होती, तेव्हा मी बोललो होतो.