जुना साफ, नवा धुकट

आमच्या गोरेगाव या खेड्यात माझ्या दुकानाशेजारी एक जण कॉम्प्युटर घेऊन बसतो आणि लोकांना त्यांच्या शेताचे आकाशातून काढलेले फोटो छापून देतो. गिऱ्हाईक आलं, की आधी रुमालाने पडदा पुसणार. मग दोन वेगवेगळ्या नकाशांवर तेच शेत शेजारी शेजारी उघडणार. "हा साफ हाय, पन जुना. हा धुकट हाय, पन यंदाचा. धुकटच न्या, मालक. जुन्यावर जीव लावून काय करता?" हे इतक्या कोरड्या आवाजात, की मला त्याचा राग यायचा.

परवा त्याचा मोठा भाऊ आला. वाटण्या झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं. त्याला शेताचा फोटो हवा होता. याने पडदा पुसला, पण एकच नकाशा उघडला, जुना. त्यात सगळं शेत एकसंध होतं आणि मधोमध आंब्याची गोल सावली.

"बांध काहून दिसून न्हाई राहिला?" भावाने विचारलं.

"तवा नव्हता."

बांध टाकताना आंबा मधे आला म्हणून दोघांनी मिळूनच तो तोडला, हे सगळ्या गावाला माहीत आहे. भाऊ त्या सावलीकडे बराच वेळ बघत राहिला.

"यंदाचा दे," तो म्हणाला.

याने काढून दिला. भाऊ गेल्यावर जुना नकाशा परत उघडला आणि आंबा होता तेवढ्याच जागी रुमाल फिरवत बसला.