घरच्या माणसाची मजुरी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळसुद्धा नाही. तुमच्याजवळ का बोलतोय, तेही नीट कळत नाही.

माझं काम मोठं गमतीचं आहे. छोट्या कुटुंबांची शेती पुढे टिकेल की नाही, हे मी तपासतो. शहरातल्या सक्करदऱ्याच्या घरातून निघायचं, उमरेडकडच्या गावांत फिरायचं, दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून मान डोलवायची — आणि लोक त्याला अभ्यास म्हणतात.

त्यातलं एक वावर माझ्या सख्ख्या दादाचं. कापूस, तूर, दोन गाई, परसात भाजी. आजूबाजूची घरं एकेक करून हात टेकत होती, आणि हे मात्र चालत होतं. मला केवढा अभिमान! पाहुणे आणून दाखवायचो, सभेत उदाहरण द्यायचो. आपल्याच घरात मिरवण्यासारखं काही निघालं, तर तुम्ही सोडाल?

ते कशावर चालत होतं, हे मला ठाऊक होतं. वहिनीवर. निंदण, वेचणी, गाईंचं शेणपाणी — सगळं तिच्या अंगावर. खर्च मांडताना मी तिच्या कामाची मजुरी विचारली, तर ती पदर तोंडाला लावून हसली. "घरच्या मानसाची कुठं मजुरी रायते, भाऊजी?"

आमच्याकडे सगळे असंच धरतात. पण मी तर हेच शिकलो होतो ना, की ती मजुरी मोजायची असते? मोजली असती तर ते वावर दरवर्षी तोट्यात दिसलं असतं. मी मोजली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी — नाही, थांबलं नाही. एका संध्याकाळी दादा गोठ्यात होता. वहिनी कमरेवर हात ठेवून माझ्यापाशी आली, हळूच म्हणाली, "भाऊजी, मले आता वाकनं होत नाही. मी बसली त वावर टिकन का? तुमी नाही म्हनसान त यांले ठेक्यानं द्या म्हनता येइन."

तिला माझ्याकडून फक्त एक 'नाही' हवं होतं. दादा माझ्या शब्दाबाहेर नव्हता. पण पुढच्याच महिन्यात बाहेरचे पाहुणे ते वावर बघायला येणार होते. मी म्हणालो, "टिकते ना वहिनी. एवढं चांगलं चालून राहिलं."

ती 'बरं' म्हणाली आणि आत गेली.

त्याच वेचणीत तिची कंबर जी धरली, ती सुटलीच नाही. आता भिंतीच्या आधाराने चालते. मजूर लावून दादाने एक हंगाम कसाबसा ओढला, मग वावर ठेक्याने दुसऱ्याला कसायला दिलं. कोराडीकडच्या एका कॉलनीच्या गेटवर तो आता रखवालीला बसतो.

मागच्या आठवड्यात गावी गेलो होतो. शेजारीण हळहळत होती, एवढं चांगलं वावर काहून सुटलं म्हणून. वहिनी तिला म्हणाली, "भाऊजीनं त सांगतलं होतं वं, टिकते म्हनून. माह्यातच दम नाही राह्यला."

मी तिथेच खाटेवर बसलो होतो. तिने भिंत धरत धरत आणून दिलेला चहा माझ्या हातात होता. मी तो संपवला.