केसभर जाड बिट

मर्ल आयस्नरच्या खुर्च्या आमच्या किनाऱ्यावर घरोघर आहेत. त्यांच्यावर बसून माणसं जेवली, भांडली, एकदोन जण बसल्या बसल्या गेलेही. खुर्ची मात्र कधी दुरुस्तीला परत आली नव्हती. मर्लला याचा अभिमान होता, आणि तो सोबत बसणाऱ्याला जाचायचा. कुणाच्या घरी गेला की तो आधी स्वतःची खुर्ची हलवून बघायचा, मग घरच्यांना कसे आहात म्हणून विचारायचा.

तरुणपणी तो सांध्याच्या खाचा छिन्नीनं पाडायचा. साठी ओलांडल्यावर त्यानं खाच पाडायचं यंत्र घेतलं. त्याचं बिट, म्हणजे गरगर फिरणारं पोलादी पातं, लाकडात घुसतं, डावीउजवीकडे डोलतं आणि लांबट खाच पाडतं. जोडायच्या दोन्ही लाकडांत समोरासमोर अशा खाचा पाडायच्या, मध्ये बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची चपटी खुंटी गोंद लावून बसवायची, की झाला सांधा. खाच किती जाड हे बिटावर असतं. खुंटी नीट बसते की नाही, हे मर्ल अंगठ्यानं ठरवायचा. अंगठ्याच्या एका दाबात ती आत गेली पाहिजे आणि उलटी धरली तर पडता कामा नये. दुसरं कुठलंही माप तो मानत नव्हता.

त्या उन्हाळ्यात गावच्या फायर हॉलनं, म्हणजे आगीच्या बंबवाल्यांच्या सभागृहानं, जेवणाच्या दालनासाठी सगळ्या खुर्च्या त्याला करायला सांगितल्या. आणि त्याच उन्हाळ्यात धुकं समुद्रावरून आलं ते परत जाईना. दुपारीसुद्धा लोक दिवे लावून गाड्या हाकायचे. कपडे दोरीवर वाळत नव्हते, मीठ डबीत गोळा होत होतं. मर्लच्या खुंट्या दाराजवळ उघड्या खोक्यात पडलेल्या असायच्या. एका सकाळी खुंटी अंगठ्यानं आत जाईना. दुसरी जाईना. त्यानं हातोडी घेतली, तर खाचेशी लाकूड तडकलं.

बिट झिजलं असणार, असं त्याला वाटलं. झिजलेलं बिट बारीक खाच पाडतं, हे खरंच आहे. कंपनीचं नवं बिट महाग, म्हणून त्यानं टपालानं दुसऱ्या कुणाकुणाची दोन स्वस्त बिटं मागवली. एक डगमगायचं आणि लाकूड जाळून काळं करायचं. दुसऱ्याचे आटे यंत्रात पुरते बसेनात. ती दोन्ही खिशात टाकून तो लॉर्न हर्टलकडे गेला.

लॉर्न त्याच्या शाळेतला. जहाजांच्या कारखान्यात लेथवर जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर घरच्या गॅरेजमध्ये धार लावायचं यंत्र टाकून बसला. शिंपले सोलायचे सुरे, करवती, आणि कार्बाइड या कठीण धातूच्या कांडीपासून स्वतः घडवलेली बिटं. कंपनीपेक्षा निम्म्या किमतीला, आणि सरळ चालणारी. बायको गेल्यापासून ते गॅरेज हेच त्याचं घर होतं. गिऱ्हाइकं यायची, चहा व्हायचा, त्यात त्याचा दिवस जायचा.

लॉर्ननं मर्लचं जुनं बिट मोजलं. मग मर्लच्या खिशातली खुंटी मोजली.

"बिटाला काही झालेलं नाही. खुंट्या फुगल्यात. चुलीवर सुकव जरा."

"मला लाकूड शिकवतोस होय रे?"

"लाकूड नाही, धुकं शिकवतोय. माझं गॅरेजचं दारही लागत नाहीये आठवडाभर."

"तुझं दार तू केलंस म्हणून लागत नाही. मला केसभर जाड बिट करून दे."

"हिवाळ्यात ढिलं होईल."

"गिऱ्हाईक मी आहे का तू?"

लॉर्ननं चहा ओतला. मर्लनं पेला दोन्ही तळव्यांत धरून उचलला. अंगठे त्यानं बाजूला ठेवले होते. लॉर्ननं ते पाहिलं.

"हात दुखतात का रे?"

"तुझा चहा दुखतो. साखर घाल."

हीच गोष्ट मर्लनं कुणाला सांगितली नव्हती. अंगठ्यांत वर्षभर ताकद नव्हती. पहाटे शर्टाची बटणं त्याची बायको विनी लावून द्यायची, आणि त्याबद्दल दोघं एक शब्द बोलायची नाहीत. ज्या मापानं तो आयुष्यभर लाकूड मोजत आला ते मापच गेलं होतं. ते गेलं म्हणायचं तर मागं काय राहतं, हे त्याला बघायचं नव्हतं. बिट बदलणं सोपं होतं.

लॉर्ननं बिट करून दिलं. देताना म्हणाला, "माझ्या मनाविरुद्ध देतोय, एवढं लक्षात ठेव."

"तुझं मन कुणी विकत घेतलंय, लेका?"

नव्या बिटानं खुंट्या अंगठ्याच्या दाबात अलगद आत जाऊ लागल्या. मर्ल पुन्हा शिट्टी वाजवत काम करू लागला. पानगळीपर्यंत सगळ्या खुर्च्या हॉलमध्ये पोचल्या. प्रत्येकीच्या बुडाशी त्याचं नाव डागलेलं होतं.

मग थंडी आली. हॉलमध्ये दिवसरात्र गरम हवेचे झोत. फेब्रुवारीत तिथं कोबी-सॉसेजचं गावजेवण झालं. आमच्याकडे जेवण झालं की पुरुष खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलून रेलून बसतात. आमचे बापही तसेच बसायचे. त्या रात्री सगळीकडून बारीक कुरकुर ऐकू येत होती. कुणी लक्ष दिलं नाही. डॉर्कस निकल, जिला सगळं गाव मावशी म्हणतं, ती रेललीही नव्हती. पाव घ्यायला नुसती वाकली. मागचा पाय सांध्यातून सुटला आणि ती ताटासकट फरशीवर आली. मनगट मोडलं.

मर्ल गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तो सांधा पाहिला. गोंदाचा पापुद्रा पिवळा, अखंड, एकाच बाजूला चिकटलेला. दुसऱ्या बाजूला खुंटी कधी टेकलीच नव्हती.

पुढच्या आठवड्यात हॉलची बैठक झाली. प्रमुख गार्नेट वेंट्झेल. आवाज मोठा, मन वाईट नाही.

"मर्ल, बाबा, तुझ्या खुर्चीला असं व्हायचं म्हणजे मला कळेना. लाकडात खोट होती का?"

मर्लनं टेबलाची कड तळव्यानं चाचपली. मग म्हणाला, "बिट लॉर्नचं होतं."

एवढंच. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

सगळ्यांनी वळून पाहिलं. लॉर्न दाराशी कोट हातात घेऊन उभा होता.

"मागितलं तसं दिलं," तो म्हणाला.

"म्हणजे मर्लनं मोडकी खुर्ची मागितली?" कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. गार्नेट म्हणाला, "स्वस्तातलं घ्यायला गेलास तू मर्ल, दुसरं काय. कंपनी ती कंपनी."

लॉर्ननं मर्लकडे पाहिलं. मर्ल स्वतःचे हात टेबलाखाली घेऊन बसला होता. लॉर्ननं कोट घातला आणि निघून गेला.

त्यानंतर शिंपल्यांचे सुरे धारेला शहरात जाऊ लागले. कुणी लॉर्नशी भांडलं नाही. दुकानात भेटला की हवापाण्याच्या गोष्टी करायचे. काम तेवढं नेईनासे झाले.

मर्लनं सगळ्या खुर्च्या परत आणल्या आणि सांधे उकलले. त्यानं कंपनीचं नवं बिट आणलं, पहिल्याच मापाचं. शेगडीमुळे त्याची कामाची खोली कोरडी ठणठणीत होती. नव्या फळीत खाच पाडून त्यानं खोक्यातली खुंटी लावली. त्या निकामी अंगठ्यानंही ती सरळ आत गेली, आणि उलटी धरली तर पडली नाही.

विनी दारात उभी होती. तिनं ते पाहिलं.

"तुला कळलं ना?"

"काय?"

"अरे, रोज सकाळी तुझी बटणं मी लावते. मलाच 'काय' म्हणून विचारतोस?"

त्यानं फळी खाली ठेवली.

"त्या माणसाला घरात दुसरं कोण आहे, मर्ल? सुरे घेऊन येणारे लोक, तेवढेच होते त्याला."

"सांगेन."

बर्फ वितळायला लागलं तेव्हा तो लॉर्नकडे गेला. गॅरेजचं दार उघडं होतं. यंत्र विकलेलं होतं, आणि जमिनीवर त्याच्या पायांच्या जागी चार स्वच्छ चौकोन उरले होते. लॉर्न लाकडी खोक्यावर बसून रेडिओ ऐकत होता. त्यानं तो बंद केला नाही.

"लॉर्न, चूक माझी होती. खुंट्या फुगल्या होत्या."

"हे मला का सांगतोस? मला तेव्हाच माहीत होतं. हॉलमध्ये सांग."

"वार्षिक सभा आहे मे महिन्यात. तिथं सांगतो."

"बरं," लॉर्न म्हणाला. चहाचं विचारलं नाही.

मे महिन्यातल्या सभेला सगळं गाव होतं. लॉर्न नव्हता. डॉर्कसमावशी पुढच्या रांगेत, मनगट बरं झालेलं. हिशेब वाचून झाल्यावर गार्नेट उठला. म्हणाला, दुसऱ्याच्या मालानं दगा दिला, तरी या माणसानं एक सेंट न घेता प्रत्येक खुर्ची पुन्हा करून दिली. असा कारागीर आपल्या गावात आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनंही वाजवल्या, जपून.

मर्ल उभा राहिला. विनी खाली मान घालून बसली होती. टाळ्या थांबल्या आणि लोक त्याच्याकडे बघू लागले. आता तो बोलेल, असं आमच्यातल्या काहींना वाटलं. खरं काय ते तोवर विनीच्या तोंडून दोनचार घरांत पोचलं होतं, आणि त्या घरांतलीही माणसं टाळ्या वाजवून बसली होती.

"खुर्चीवर मागे रेलू नका," मर्ल म्हणाला.

लोक हसले. तो खाली बसला, आणि गार्नेटनं पुढचा विषय घेतला.