मर्व्हचे बेडूक

ग्लेनिसच्या मागच्या अंगणात कोण येत नव्हतं ते विचारा! सकाळी कुकाबरा पक्षी कुंपणावर बसून खदाखदा हसायचा, दुपारी निळ्या जिभेचा सरडा खुशाल स्वयंपाकघराच्या पायरीवर पसरायचा. आणि जन्मभर शाळेची बस चालवलेली ही सत्तरीची बाई, पोरांना द्यायची तसाच सगळ्यांना दम देत फिरायची. "ए, माझ्या स्ट्रॉबेरीला तोंड लावलंस तर बघ!"

तळं तिच्या नवऱ्यानं, मर्व्हनं खणलं होतं. त्याला हवे होते बाँकवाले बेडूक. ढिल्या तारेवर बोट मारावं तसे 'बाँक, बाँक' ओरडणारे. त्याच्या लहानपणी ब्रिस्बेनच्या त्या भागात प्रत्येक डबक्यात असायचे म्हणे. ते काही आले नाहीत आणि मर्व्ह वाट बघत बघत गेला. "आले की मला सांग हं," असं शेवटी शेवटी सारखं म्हणायचा. म्हणून ग्लेनिस रोज संध्याकाळी चहाचा मग घेऊन तळ्याकाठी बसायची.

यायचे मात्र केन टोड. बाहेरून आणून सोडलेले हे विषारी बेडूक, नुसतं तोंडात धरलं तरी कुत्रं मरतं. ग्लेनिसचा त्यांच्यावर भारी राग. हातमोजे चढवायचे, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात त्यांना कोंबायचं, डबा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा. थंडीनं ते झोपले की सकाळी फ्रीझरमध्ये. तिकडे घरोघरी हेच चालतं, त्यात कुणाला काही वाटत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी पाऊस नुसता कोसळत होता. तळ्याकाठी चार तपकिरी गोळे बसलेले. कानाचं यंत्र भिजू नये म्हणून तिनं ते काढून ओट्यावर ठेवलं आणि टॉर्च घेऊन गेली. चष्म्यावर पाणी, पण हात सरावलेला. चौघांना डब्यात घातलं आणि निवांत झोपली. सकाळी डबा फ्रीझरमध्ये सरकवला.

दुपारी शेजारचा नेव्हिल जाळी घेऊन आला. तिनंच बोलावलं होतं. तळ्यावर कसलासा फेस साचला होता, तो काढायला.

"काय गं, एकदाचं झालं ना मनासारखं?" तो हसत म्हणाला. "काल काय मैफल रंगली होती तुझ्याकडे! बाँक, बाँक, बाँक! मी बायकोला म्हटलं, ऐक, मर्व्हचे पाहुणे आले. मग एकाएकी गप्पच झाले."

"कधी?"

"कधी काय, तू तिथेच तर होतीस, टॉर्च घेऊन!"

ग्लेनिस तडक आत गेली. फ्रीझरमधला डबा उघडला. केन टोडच्या डोक्यामागे विषाच्या दोन जाड गाठी असतात. तिनं चौघांवरून अंगठा फिरवला. एकालाही गाठ नव्हती.

"अगं आई गं!" एकेकाला तळहातावर घेऊन ती फुंकर घालत राहिली. लाकडासारखे कडक झालेले, कशाला हलतायत? "मी काय केलं हे! माझ्या हातांनी मारले!"

तेवढ्यात खिडकीतून नेव्हिल दिसला. फेसानं भरलेली जाळी वर उचलत होता. मर्व्ह काय सांगायचा ते तिला आत्ता आठवलं. हे बेडूक फेसात अंडी घालतात.

"नेव्हिल! टाक ती जाळी! हात लावू नकोस!" ती अनवाणीच धावत सुटली.

अर्धा फेस गवतावर पडला होता. त्यात तिळासारखे काळे ठिपके. "अरे गाढवा, अंडी आहेत ही त्यांची!" ती गुडघ्यांवर बसली. नेव्हिलही बसला. दोघांनी ओंजळी भरभरून फेस पाण्यात परत सोडला.

संध्याकाळी ग्लेनिस कानाचं यंत्र लावून तळ्याकाठी बसली. कुठे काही वाजत नव्हतं. चहा निवून गेला.

"आले होते रे, मर्व्ह," ती म्हणाली. पुढचं मात्र तिला सांगवेना.