भर स्टेजवर खराटा

आता बसलाच आहात तर ऐका. पण हसायचं ते शेवटी हसा. मधे हसलात की माझा धागा तुटतो, आणि मग मी चिडते.

मी माझ्या पोटच्या पोराला भर स्टेजवर खराट्याने हाणलं. लहान होता तेव्हा नव्हे, मागच्या वर्षी. तेवीस वर्षांचा घोडा, दाढी राखलेला. बदलापूरचं मैदान, समोर खच्चून माणसं. आणि दिवस कुठला, तर ज्या दिवशी त्याच्या कामाचा निकाल लागायचा होता, नेमका तो.

आई अशी असते का, असं तुम्ही आत्ता मनात म्हणालात. तोंडावर दिसतं मला. आधी ऐकून तर घ्या.

आमचे हे अंबरनाथच्या कंपनीत वायरमन. त्यांचा जन्म विजेत गेला आणि माझा विजेच्या धास्तीत. विठ्ठलवाडीची आमची चाळ म्हणजे कधी कुठे करंट उतरेल, नेम नाही. एकदा शेजारची वैशाली कपडे वाळत घालताना तारेला चिकटली. तोंड वाकडं, डोळे पांढरे, अंग थडथड उडतंय आणि घशातून एक बारीक, लांबच लांब आवाज. सगळी चाळ नुसती बघत उभी. ह्यांनी खेळणाऱ्या पोरांची बॅट ओढून घेतली आणि तिच्या मनगटावर एक ठेवून दिली. सुटली. आज चांगली धडधाकट आहे, नळावर माझ्याशी भांडते.

तेव्हापासून आमच्या घरात एक धडा पक्का. चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही. पायात रबरी चप्पल आहे का बघायचं. मेन स्विच पाडायचा, आणि कोरड्या लाकडाने माणूस सोडवायचा. मी चौथी शिकलेली बाई. पाढे विसरले, पण हे नाही विसरले.

आता अशा घरातल्या पोराला काय आवडावं? गिटार.

लहानपणी खोक्याला रबर ताणून टिंगटिंग करायचा सागर. गणपतीत बेंजोवाल्यांच्या मागे अनवाणी चालत सुटायचा, मी कान धरून परत आणायची. शेवटी ह्यांनी उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका सिंधी दुकानदाराकडून, एक साधी गिटार आणून दिली. पोटाला भोक असलेली. तिच्याशी माझं काही वाकडं नव्हतं. लाकूड आणि तारा, वाजव बाबा. पण कॉलेजात गेला आणि दुसरी घेऊन आला. लालभडक, चपटी, आणि तिला वायर.

"ही बोर्डाला लावायची?" मी विचारलं.

"डायरेक्ट नाही गं. ही स्पीकरला, स्पीकर बोर्डाला."

"म्हणजे बोर्डालाच."

ह्यांनी खिशातला टेस्टर काढला आणि सहाच्या सहा तारांना लावून बघितला. दिवा काही लागला नाही. "येत नाही काही," म्हणाले, "पण वाजवताना चप्पल घालत जा." झालं. तेव्हापासून आमच्या घरात रॉक का काय म्हणतात ते पाटावर बसून, पायात रबरी चप्पल घालून वाजायला लागलं.

आवाजाचा बंदोबस्त मी केला. भिंती पातळ, पलीकडच्या घरात आजारी म्हातारी. मी म्हटलं, ते हेडफोन कानाला लाव आणि काय धिंगाणा घालायचा तो तुझ्या डोक्यात घाल. ऐकलं त्याने. त्यामुळे सगळी वर्षं मी ती गिटार कशी ऐकली, तर टिक, टिकटिक, टिक. भिंतीवर पाल बोलावी तशी. पोरगं डोळे मिटून डोलतंय आणि आवाज पालीचा. मनात म्हणायचे, ह्याला कोण विचारणार?

पण विचारायला लागले. आधी अंबरनाथच्या आजूबाजूच्या गावांत हळदीला ऑर्केस्ट्रात वाजवलं. मग मित्रांचा बँड झाला. कॅम्प पाचच्या ज्या गाळ्यात दिवसभर जीन्स शिवतात, तिथे संध्याकाळी ह्या पोरांची प्रॅक्टिस. घरी यायचा तो केसांत निळ्या कपड्याची लव घेऊन. मला कधी बोलावलं नाही. "तुला नाही आवडणार, आई." मीही गेले नाही. माझ्या पोळ्यांच्या ऑर्डरी नेमक्या संध्याकाळच्या.

ह्यांनी मात्र मुदत घातली. दिवाळीपर्यंत कायमचं काम बघ, नाहीतर दिवाळी झाली की कंपनीत हेल्पर. साहेबांशी बोलूनही ठेवलं. सागर उलट बोलला नाही. उलट बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो जेवेना झाला. डाळ-भात कालवायचा आणि ताटाकडे बघत बसायचा.

तेवढ्यात बातमी आली. मुंबईचा एक मॅनेजर, जो मोठमोठ्या गायकांच्या दौऱ्यांसाठी वाजवणारी माणसं निवडतो, तो सागरला बघायला येणार. बदलापूरला एक महोत्सव होता, त्यात सागरचा बँड. पसंत पडला तर सागर कायमचा दौऱ्यांवर. नाही पडला, तर कंपनीचा निळा ड्रेस.

"ह्या वेळी मी येणार," मी म्हटलं.

"नको गं आई."

"मी विचारत नाहीये."

ह्यांची सेकंड शिफ्ट होती, म्हणून एकटीच गेले. मैदानात पाऊल टाकलं आणि आधी खाली बघितलं. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलेलं. सगळीकडे चिखल, आणि त्या चिखलातून काळ्या वायरी पार मांडवामागच्या जनरेटरपर्यंत. स्टेज लोखंडी पाइपांचं. वायरीचा एक जॉइंट तर नुसता दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. साउंडवाल्याला गाठलं.

"दादा, हा जॉइंट उघडा आहे."

"कुछ नहीं होता आंटी, रोज का काम है."

"वैशालीचंही रोजचंच काम होतं."

त्याला वैशाली कोण ते काय माहीत. गेला विडी ओढायला.

सागरने मला स्टेजच्या कडेला, पडद्याआड खुर्ची दिली. बसते न बसते तोच बघते, तर हा बूट काढतोय. मोजेसुद्धा काढले.

"अरे, हे काय?"

"पायाने बटणं दाबायची असतात खालची. अनवाणी बरं पडतं."

"लोखंडावर? सगळं ओलं असताना?"

"आई, आज नको ना."

चेहरा असा पांढराफटक की मी गप्प बसले. मी गप्प बसले, हे लक्षात ठेवा. असं सहसा होत नाही.

पहिली दोन गाणी झाली. कशी झाली मला विचारू नका. लोक त्याच्या हातांकडे बघत होते, मी त्याच्या उघड्या पायांकडे. आवाजाने छाती आतून हादरत होती. घरातली ती पाल कुठे आणि हे कुठे. मला वाटलं बाकीची पोरंच एवढा दंगा करतायत, माझा बिचारा आपला टिकटिक करत असेल.

तिसऱ्या गाण्यात बाकीचे थांबले. सागर एकटा राहिला. फिरला, त्या मोठ्या स्पीकरला जवळजवळ चिकटला, आणि आवाज निघाला. एकच. बारीक, लांबच लांब, संपेचना.

तोच आवाज. वैशालीचा.

तोंड वाकडं. डोळे पांढरे. गुडघे वाकले, अंग थडथड उडायला लागलं. आणि हात? तुम्हीच सांगा, गिटार वाजवायची तर हात वर-खाली फिरायला नको? ह्याचा हात एका तारेवर दाबून बसलेला, नुसता थरथरतोय. हात फिरत नाही आणि आवाज थांबत नाही, म्हणजे काय समजायचं माणसाने? वर दिवे लुकलुकले. समोर लोक ओरडतायत. ड्रम वाजवणारा पोरगा बघून हसतोय. मला वाटलं, मेल्यांनो, वैशालीच्या वेळीही सगळे असेच बघत होते.

मेन स्विच कुठे? जनरेटर पार तिकडे. लाकूड? खुर्ची प्लास्टिकची. पडद्याला टेकून झाडणाऱ्या बाईचा खराटा उभा होता, बांबूच्या दांड्याचा. दांड्यावरून हात फिरवला, कोरडा. पायाकडे बघितलं, चप्पल रबरी. निघाले.

पहिला फटका मनगटावर. "आई गं," तो म्हणाला. चिकटलेलं माणूससुद्धा आई गंच म्हणतं. दुसरा फटका तारांवर बसला, तसा स्पीकरमधून भंगाराचा ट्रक उलटल्यासारखा आवाज आला. तिसरा पाठीत बसला, कारण तोवर तो पळत सुटला होता. पळतोय म्हणजे सुटलाय, हे मला तिसऱ्या फटक्यानंतर सुचलं.

"हात लावू नका कोणी त्याला," मी खराटा उगारून बँडच्या पोरांना ओरडले. ड्रमवाला ड्रमच्या मागे लपला.

 तेवढ्यात निवेदक माइकवर बोलला, "मातोश्री, शांत व्हा. मुलाच्या कलेला असा विरोध करू नका."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला.

"अहो, विरोध नाही, करंट," मी म्हणत होते, पण माझ्याकडे माइक कुठे? दोन गार्ड मला धरून मागे घेऊन गेले. वाटेत एक सदरा घातलेले आजोबा आडवे आले, "ताई, माझ्या वडिलांनी माझी पेटी अशीच फोडली होती, मी आजही विसरलेलो नाही." एक बाई कानाशी लागली, "बरं केलंत, आमचाही असाच बिघडलाय, खराटा कुठून आणलात?" जो तो आपल्या घरचं माझ्या अंगावर घालत होता. मी सांगते कोणाला आणि ऐकतंय कोण.

मांडवामागे सागर मनगट धरून उभा होता. शेजारी तो मॅनेजर. पांढरी दाढी, कानात बाळी.

"पोरगा चांगला वाजवतो," तो सागरला नाही, मलाच म्हणाला. "पण मला नको. मागच्या दौऱ्यात एकाचे वडील असेच आले आणि शोच्या आधी मुलाला ओढून घरी घेऊन गेले. मी तोंडावर पडलो. घरचे राजी नसतील तर मी माणूस घेत नाही."

सागरने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चिडला असता, ओरडला असता, चाललं असतं. ताटाकडे बघायचा तसा जमिनीकडे बघत राहिला. मला त्या निळ्या ड्रेसात तो डोळ्यांसमोर दिसला, आणि हे खराट्याने मीच केलं, हेही दिसलं.

मग मी बोलले. सगळं एका दमात. वैशाली, तार, बॅट, टँकरचं पाणी, दुधाच्या पिशवीतला जॉइंट, ह्याचे अनवाणी पाय. "चिकटला असता तर ह्या सगळ्यांनी टाळ्या वाजवत बघितलं असतं. मी आई आहे, मी बघत बसू?"

मॅनेजर माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही ह्याला याआधी वाजवताना कधी ऐकलं नाही?"

"घरी हेडफोन लावून वाजवतो तो."

"का?"

आता सागरने माझ्याकडे बघितलं. मीच म्हणाले, "मी सांगितलं म्हणून."

 मॅनेजरने तिथे पडलेला एक छोटा स्पीकर पायाने पुढे ढकलला. "लाव रे. आईला ऐकव."

सागरने वायर लावली. मग थांबला आणि म्हणाला, "आई, चप्पल दे."

मी काढून दिल्या. माझ्या लेडीज चपला, ह्याच्या टाचा मागून बाहेर. तशा घालून त्याने वाजवायला सुरुवात केली. मी चिखलात अनवाणी उभी. आणि तुम्हाला खरं सांगते, मला त्यातलं काही कळत नाही. पण इतकी वर्षं तो पाटावर बसून कानात एवढं सगळं ऐकत होता, आणि मला टिकटिक ऐकवत होता, ह्याचं मला कसंतरीच झालं. मधे तो स्पीकरला चिकटला, तोच लांबच लांब आवाज निघाला (गिटार स्पीकरजवळ नेली की तार आपोआप वाजत राहते म्हणे), आणि त्याने ते पांढरे डोळे केले. माझे हात शिवशिवले. पण खराटा गार्डने केव्हाच नेला होता.

मॅनेजर म्हणाला, "पुढच्या आठवड्यात मुंबईला ये." आणि मला म्हणाला, "तुम्ही नका येऊ."

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं आता ऐकावं लागणार. ह्यांनी शांतपणे जेवण संपवलं, हात धुतले आणि म्हणाले, "आधी मेन पाडायचा असतो. तू उलटं केलंस."

सागर आता दौऱ्यांवर असतो. प्रत्येक स्टेजवरून आधी मला व्हिडिओ कॉल करून वायरी दाखवतो, चप्पल दाखवतो. मॅनेजरचा रागही निवळला, आणि परवा ठाण्याच्या हॉलचा पास आला. पुढची रांग. मी ठरवून गेले, हात मांडीखाली दाबून बसले. त्याचं ते एकट्याचं वाजवणं सुरू झालं, तोंड वाकडं झालं, डोळे पांढरे झाले. शेजारची बाई घाबरली, "अहो, ह्याला काही होतंय का?"

"काही होत नाही," मी तिला समजावलं. "असंच वाजवतात ते. मुलगा आहे माझा."

एवढं बोलले आणि स्टेजच्या कडेला फाडकन ठिणग्या उडाल्या, उंच. नंतर कळलं, ते शोसाठी मुद्दाम उडवतात. तेव्हा कुठे माहीत? मी उभी राहिले, स्टेजच्या पायरीपर्यंत पोचले, तेवढ्यात मागून कोणीतरी माझा पदर धरला. पलीकडच्या खुर्चीवरचे म्हातारे आजोबा होते, एका हाताने रेलिंगला लटकलेले.

"बाई," ते म्हणाले, "माझी काठी द्या. मला घरी जायचंय."

बघते, तर काठी माझ्याच हातात. लाकडी होती. कोरडी होती. बसल्या बसल्याच बघून ठेवली होती मी.